बोट दाखवणं ही केवढी मोठी गोष्ट असते

माझा मुलगा चार वर्षं दोन महिन्यांचा होता, तेव्हा त्याने मला पहिल्यांदा मुंगी दाखवली.

मी जमिनीवर बसून कपड्यांच्या घड्या घालत होते. तो भिंतीला गाल टेकवून उभा होता. हे त्याचं नेहमीचंच, भिंतीचा गारवा त्याला आवडतो. एका मुंगीच्या मागे मागे त्याचं बोट सरकत होतं. मग बोट थांबलं. त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं, पुन्हा मुंगीकडे पाहिलं आणि पुन्हा माझ्याकडे. सगळं मिळून तीन सेकंद झाले असतील. हातातला टॉवेल टाकून मी त्याच्याजवळ गेले आणि म्हणाले, "मुंगी!" तो हसला नाही, बोलला नाही, परत मुंगीच्या मागे लागला. मी त्याच्या बाबांना फोन लावला. "त्याने मला मुंगी दाखवली," एवढंच मला बोलता आलं. पलीकडून बराच वेळ काही आवाजच आला नाही.

माझा मुलगा ऑटिस्टिक आहे. ज्या घरात ऑटिस्टिक मूल नाही, त्या घरातल्या माणसाला यात डोळे भरून येण्यासारखं काय आहे ते कळणार नाही. ते कळावं म्हणूनच हे लिहिते आहे. ज्यांच्या मुलाचं निदान नुकतंच झालं आहे त्यांच्यासाठी तर आहेच, पण त्या मुलाचे आजी-आजोबा, मामा, आत्या, शेजारी यांच्यासाठी जास्त आहे.

त्या मुंगीच्या आधीही माझा मुलगा मला गोष्टी सांगत होताच. पाणी हवं असलं की माझं मनगट धरायचा, मला नळापर्यंत ओढत न्यायचा आणि माझा हात नळावर ठेवायचा. तोंडाकडे बघायचा नाही, हाताकडे बघायचा. बऱ्याच ऑटिस्टिक मुलांचं संवादाचं पहिलं साधन हे असंच असतं, आणि तो संवादच आहे, त्याला कमी लेखू नका. पण "मला हे हवं आहे" आणि "हे बघ ना" यांत मोठा फरक आहे. पहिल्यात समोरच्या माणसाकडून काहीतरी मिळवायचं असतं. दुसऱ्यात मिळवायचं काहीच नसतं. माझ्या डोळ्यांसमोर जे आहे ते तुझ्याही डोळ्यांसमोर असावं, इतकीच इच्छा असते. थेरपिस्ट याला 'जॉइंट अटेन्शन' म्हणतात. दोघांनी मिळून एकाच गोष्टीकडे बघायचं आणि आपण दोघं बघतो आहोत हे दोघांनाही ठाऊक असायचं.

बहुतेक मुलांमध्ये हे दीड वर्षापर्यंत आपोआप येतं, आणि इतकं सहज येतं की ते आलं हे कोणाच्या लक्षातही राहत नाही. पण भाषा याच पायावर उभी राहते. मूल कुत्र्याकडे बोट दाखवतं, आई म्हणते "भू भू!", मूल आईकडे बघतं, परत कुत्र्याकडे बघतं, आणि शब्द त्या प्राण्याला चिकटतो. दिवसातून शंभर वेळा असं होतं. हा दुवाच उशिरा जुळला तर शब्द कानांवर पडत राहतात, पण कशाला चिकटायचं ते त्यांना कळत नाही. म्हणूनच १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी वापरल्या जाणाऱ्या एम-चॅट या प्रश्नावलीत एकूण २० प्रश्नांपैकी काही थेट बोटाबद्दलच आहेत: काही हवं म्हणून बोट दाखवतो का? काही गंमत वाटली म्हणून दाखवतो का? तुम्ही खोलीपलीकडे बोट दाखवलंत तर तिकडे बघतो का? या प्रश्नावलीने निदान होत नाही. पुढे नीट तपासणी हवी की नको, एवढंच ती सांगते.

शब्दाबद्दल थोडं

मराठीत ऑटिझमला 'स्वमग्नता' म्हणतात. मला हा शब्द कधीच पटलेला नाही. त्यामागे इतिहास आहे हे खरं. ग्रीक भाषेत 'ऑटोस' म्हणजे स्वतः. त्यावरून ऑयगेन ब्लॉयलर या स्विस मनोविकारतज्ज्ञाने १९११ च्या सुमारास हा शब्द वापरात आणला, तोही स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांसाठी. मुलांच्या संदर्भात तो रुजला १९४३ मध्ये, बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी ११ मुलांचं तपशीलवार वर्णन छापल्यावर. मराठी शब्द त्याच वळणाने आला. पण 'स्वमग्न' म्हटलं की डोळ्यांसमोर स्वतःतच रमलेलं, दुसऱ्याची गरजच नसलेलं मूल येतं. माझं मूल तसं नाही. त्याला माणसं हवी असतात, फक्त ती कशी गाठायची हे त्याला आपल्या पद्धतीने जमत नाही. त्याच्या पद्धतीने तो येतो तेव्हा आपल्याला ते ओळखू येत नाही. डेमियन मिल्टन या स्वतः ऑटिस्टिक असलेल्या अभ्यासकाने २०१२ मध्ये हेच नेमकं मांडलं: न कळण्याचा हा प्रश्न एकतर्फी नाही, दोन्ही बाजूंचा आहे. म्हणून मी साधं 'ऑटिस्टिक' म्हणते.

ऑटिझम म्हणजे मेंदूची वेगळी घडण. ती आधीपासूनच असते, दिसायला मात्र दीड-दोन वर्षं किंवा त्याहून जास्त लागतात. निदान करताना दोन गोष्टी बघतात. एक, लोकांशी संवाद साधण्याची वेगळी तऱ्हा. दुसरी, तेच तेच करण्याची ओढ, ठरलेल्या क्रमाचा आग्रह, एखाद्या विषयाचं खोल वेड, आणि आवाज, स्पर्श, वास, उजेड फार जास्त किंवा फार कमी जाणवणं. संवेदनांचा मुद्दा निदानाच्या निकषांत अधिकृतपणे आला तो २०१३ मध्ये, डीएसएम या मानसिक विकारांच्या अमेरिकन निदान-पुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीत. त्याच आवृत्तीत 'अ‍ॅस्पर्जर' वगैरे वेगळी नावं जाऊन सगळं एकाच 'स्पेक्ट्रम'खाली आलं.

स्पेक्ट्रम म्हणजे 'थोडा ऑटिझम' ते 'जास्त ऑटिझम' अशी पट्टी, असं लोक समजतात. तसं ते नाही. एखादी मुलगी अस्खलित बोलते, पण मोज्याची शिवण बोटांना टोचते म्हणून सकाळचा अर्धा तास रडते. दुसरा मुलगा एक शब्द बोलत नाही, पण कोडं उलटं ठेवून, चित्र न बघता, तुकड्यांच्या आकारावरून जुळवतो. यातलं 'कमी' कोण आणि 'जास्त' कोण? प्रत्येकाला कुठे किती मदत लागते, एवढंच विचारण्यासारखं आहे.

आता 'कशामुळे झालं' हा प्रश्न. तो प्रत्येक घरात येतो, बहुधा रात्री. विसाव्या शतकात कित्येक वर्षं आयांना दोष दिला गेला. आई थंड, मायेची कोरडी, म्हणून मूल असं, असं मोठमोठे डॉक्टर सांगत. १९७७ मध्ये सुझन फोल्स्टीन आणि मायकल रटर यांनी जुळ्यांच्या २१ जोड्या अभ्यासल्या. एकसारख्या, म्हणजे जनुकं सारखीच असलेल्या, जुळ्यांच्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोघांनाही ऑटिझम होता, वेगवेगळ्या जुळ्यांच्या १० जोड्यांत एकाही जोडीत दोघांना नव्हता. मूळ आनुवंशिकतेत आहे हे तेव्हापासून भक्कम होत गेलं. लसीचा संशय ज्या लेखामुळे पसरला तो १९९८ चा लेख अवघ्या १२ मुलांवर बेतलेला होता, आणि तो छापणाऱ्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने तो २०१० मध्ये मागे घेतला. डेन्मार्कमधल्या साडेसहा लाखांहून जास्त मुलांच्या २०१९ मधल्या अभ्यासात गोवर-गालगुंड-रुबेलाची लस आणि ऑटिझम यांचा काहीही संबंध आढळला नाही. तुम्ही फोनवर जास्त वेळ घालवला म्हणून नाही, नोकरीवर परत गेलात म्हणून नाही, गरोदरपणी रडलात म्हणून नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण मला हे कोणी स्पष्ट शब्दांत सांगायला वर्ष लागलं.

तक्ता कशासाठी असतो

कोणत्या महिन्यात मुलाने काय करावं याचा तक्ता दवाखान्याच्या भिंतीवर असतो. तो तक्ता मदत कधी मागायची हे कळण्यासाठी आहे. त्याचं काम तेवढंच. मुलाचं मोल त्यावर मोजायचं नसतं. पण मदत मागायची वेळ आली आहे असं तो सांगत असेल, तर ते मात्र ऐका. "मुलगे उशिराच बोलतात", "याचा काका पण चार वर्षांनी बोलला", "थांबा थोडं" हे आम्ही सगळ्यांकडून ऐकलं, एका डॉक्टरकडूनही ऐकलं, आणि आठ महिने थांबलो. त्या आठ महिन्यांत काही बिघडलं असं मी म्हणत नाही. पण तो ज्या गोष्टींसाठी किंचाळत होता त्या समजून घ्यायला आम्ही आठ महिने उशिरा लागलो. संशय आला तर आधी कान तपासून घ्या, आणि निदानाची वाट बघताना स्पीच थेरपी सुरू करता येते का ते विचारा. आणखी एक: घरात दोन भाषा बोलल्या जातात म्हणून बोलणं अडतं, एक भाषा बंद करा, असा सल्ला अजून दिला जातो. दोन भाषांमुळे ऑटिस्टिक मुलाची भाषा आणखी मागे पडते असं अभ्यासांत दिसलेलं नाही. आजीची भाषा तोडली तर आजी तेवढी तुटते.

तक्त्यावरची एक ओळ म्हणजे प्रत्यक्षात दहा-बारा बारीक गोष्टींची मोळी असते. इतर मुलांच्या बाबतीत ती मोळी बांधलेलीच येते, म्हणून आपल्याला आतल्या काड्या दिसत नाहीत. आपल्या मुलाच्या बाबतीत प्रत्येक काडी वेगळी दिसते. 'स्वतः पँट घालतो' ही ओळ घ्या. पँट ओळखायची, पुढची बाजू समोर धरायची, तोल सांभाळत एक पाय उचलायचा, तो बरोबर भोकात घालायचा, पाऊल बाहेर येईपर्यंत ढकलायचा, दुसरा पाय, वाकायचं, दोन्ही हातांनी धरायची, गुडघ्यापर्यंत, मांडीपर्यंत, कमरेपर्यंत. आमच्या ऑक्युपेशनल थेरपिस्टने, म्हणजे रोजची कामं स्वतः करायला शिकवणाऱ्या तज्ज्ञाने, सांगितलं, शेवटापासून शिकवा. म्हणजे सगळं मी करायचं, पँट मांडीपर्यंत आणायची आणि शेवटचा ओढा फक्त त्याने द्यायचा. पहिल्या दिवसापासून काम *तो* पूर्ण करतो. ते जमलं की मी गुडघ्यापाशी थांबायचं. मग घोट्यापाशी. आम्हाला पाच महिने लागले. तो काय काय शिकला ते मी ज्या वहीत लिहिते, तिच्यात त्या पाच महिन्यांत अकरा नोंदी आहेत, आणि त्यातली प्रत्येक नोंद आमच्या घरात साजरी झाली आहे.

'मी येते' म्हणणारा मुलगा

बोलण्याबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच होतात.

माझा मुलगा बोलायला लागला तेव्हा तहान लागली की म्हणायचा, "तुला पाणी हवंय का?" लोक हसायचे आणि म्हणायचे, "मला नकोय रे, तूच पी." पण तो मला विचारत नव्हता. तहान लागते तेव्हा कानांवर जो आवाज पडतो, तो पूर्ण आवाज त्याने उचलला होता. आई "तुला पाणी हवंय का?" म्हणते आणि पाणी येतं. म्हणजे पाणी आणणारं वाक्य तेच. त्याच न्यायाने तो दारातून बाहेर पडताना "मी येते" म्हणायचा, कारण ते वाक्य त्याने माझ्या तोंडून ऐकलेलं होतं. मराठीत असं पटकन पकडता येतं. मुलगा 'येते', 'जाते' म्हणायला लागला की वाक्य अख्खं कोणाकडून आलं आहे ते कळतं. लहानपणी सगळीच मुलं थोडीफार असं करतात, पण इथे ते जास्त असतं आणि जास्त काळ टिकतं.

याला एकोलालिया म्हणतात. पूर्वी हे निरर्थक पोपटपंची समजून बंद पाडायचा प्रयत्न व्हायचा. १९८१ मध्ये बॅरी प्रिझंट आणि ज्युडिथ डचन यांनी मुलांचं असं बोलणं बारकाईने तपासलं आणि ऐकलेलं लगेच परत म्हणण्यातून मुलं सात वेगवेगळी कामं करून घेतात असं दाखवलं: मागणं, होकार देणं, आपली पाळी घेणं, स्वतःला सावरणं, असं बरंच काही. ऐकलेलं वाक्य कित्येक दिवसांनी, महिन्यांनीही बाहेर येतं, आणि तेव्हा त्याचा अर्थ फक्त घरच्यांनाच लागू शकतो. माझा मुलगा घाबरला की म्हणतो, "पट्टा लाव, पट्टा लाव." एकदा गाडीला जोरात ब्रेक लागला होता आणि मी ओरडले होते, तेव्हापासून ते वाक्य म्हणजे भीती. शाळेत पहिल्या आठवड्यात तो दिवसभर "पट्टा लाव" म्हणत होता. बाईंना वाटलं दप्तराच्या पट्ट्याबद्दल बोलतो आहे. त्यांनी तीन वेळा पट्टा घट्ट केला. चूक त्यांची नव्हती, सांगायला हवं होतं आम्ही. आता आमच्याकडे त्याच्या वाक्यांचा एक छोटा कोशच आहे. डाव्या बाजूला तो काय म्हणतो, उजवीकडे त्याचा अर्थ. शाळेला एक प्रत, आजीला एक.

मग आपण काय करायचं? चूक सुधारत बसू नका. "मला पाणी हवंय असं म्हण" यातलं 'असं म्हण' सुद्धा ते उचलतात. त्याच्या तोंडी जे वाक्य यायला हवं ते आपणच त्याच्या वतीने म्हणायचं: पेला हातात देताना, "मला पाणी हवंय." प्रश्न कमी विचारायचे. "हे काय आहे? रंग कोणता? सांग ना, काकांना सांग" ही परीक्षा झाली. त्याऐवजी तो जे बघतो आहे त्याबद्दल आपण एखादं वाक्य बोलायचं आणि थांबायचं. थांबायचं म्हणजे खरंच थांबायचं, मनात दहापर्यंत मोजून. सातव्या-आठव्या आकड्याला उत्तर आलेलं मी पुष्कळदा ऐकलं आहे. त्याआधी मी दोन वर्षं तिसऱ्या आकड्यालाच पुन्हा बोलत होते.

आणि जी मुलं बोलत नाहीत? चार वर्षांपर्यंत बोलला नाही तर संपलं, असं अजूनही आईबापांना सांगतात. हे खरं नाही. २०१३ मध्ये 'पीडिअ‍ॅट्रिक्स' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात भाषा खूपच मागे असलेली ५३५ ऑटिस्टिक मुलं होती. त्यांतली ७० टक्के मुलं वयाच्या चार वर्षांनंतर शब्दांना शब्द जोडून बोलू लागली होती आणि ४७ टक्के सफाईने बोलू लागली होती. म्हणजे दार चारला बंद होत नाही. काही मुलं तोंडाने कधीच फारसं बोलणार नाहीत हेही तितकंच खरं, आणि त्यांच्याकडे सांगण्यासारखं काही नाही असा त्याचा अर्थ होत नाही. चित्रांची कार्डं, हातांच्या खुणा, बोलणारं टॅबलेट अ‍ॅप, यांतलं जे चालेल ते द्या आणि लवकर द्या. "चित्र दिलं तर तोंड उघडायचा कंटाळा करेल" ही भीती मलाही होती. २००६ मध्ये अशा अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा या साधनांमुळे कोणाचंही बोलणं कमी झालेलं दिसलं नाही. बहुतेकांचं थोडंफार वाढलंच.

कार्डांमधलं आमचं सगळ्यात मोलाचं कार्ड 'नको'चं. आधी मी सगळी 'हवं'ची कार्डं केली होती. थेरपिस्टने विचारलं, "आणि त्याला नको असेल तर?" त्याला नको असलं की तो डोकं जमिनीवर आपटायचा, कारण त्याच्याकडे दुसरा शब्दच नव्हता. फुलीचं लाल कार्ड केलं. चौथ्या दिवशी केस विंचरताना त्याने ते उचलून माझ्या हातात ठेवलं, आणि मी कंगवा खाली ठेवला. केस अर्धे विंचरलेले, तसेच आम्ही बाहेर गेलो. नेहमीच ऐकता येत नाही, औषध द्यावंच लागतं. पण सुरुवातीला 'नको' म्हटल्यावर खरोखर थांबलंच पाहिजे, नाहीतर त्या कार्डाला काही किंमत उरत नाही. शहाणं, ऐकणारं मूल घडवण्याच्या नादात ऑटिस्टिक मुलांना 'नको' म्हणणं शिकवायचं राहून जातं, आणि पुढे कोणी वाईट वागलं तर त्यांच्याकडे ते सांगायची सोय नसते. माझ्या यादीत 'नको' हे पहिल्या शब्दाच्याही वर आहे.

न्हाणीघर, ताट, झोप

शी-शू सांगणं उशिरा येतं, कधी कधी शाळेत जायला लागल्यावरही नाही, आणि त्यावरून घरात जेवढे अश्रू वाहतात तेवढे क्वचितच दुसऱ्या कशावरून वाहत असतील. यात हट्ट नसतो. पोटातून, मूत्राशयातून येणारी 'आता जायला हवं' ही सूचनाच काही मुलांना पुसट कळते किंवा अगदी शेवटच्या क्षणी कळते. त्यात फ्लशचा आवाज, गार सीट, अधांतरी लोंबणारे पाय. पायांखाली चौरंग ठेवल्यावर आणि तो बाहेर पडेपर्यंत फ्लश न ओढल्यावर आमचा निम्मा प्रश्न सुटला. सार्वजनिक ठिकाणी हात वाळवायचं मशीन असेल तर तो आजही आत पाऊल टाकत नाही. बद्धकोष्ठता या मुलांमध्ये फार आढळते. पोट दुखतंय हे सांगता येत नाही, दिसतो फक्त राग. म्हणून शिकवण्याआधी डॉक्टरकडून पोट तपासून घ्या.

खाण्याबद्दल थोडक्यात. पाच-सहाच पदार्थ, तेही ठरावीक रंगाचे, ठरावीक कुरकुरीतपणाचे, हे लाडावल्यामुळे होत नाही. तुटलेलं बिस्किट त्याच्या लेखी वेगळीच वस्तू असते. जबरदस्तीने यादी वाढत नाही, आकसते. नवा पदार्थ वेगळ्या वाटीत, शेजारी, न बोलता ठेवायचा. वजन घटत असेल किंवा होते तेही पदार्थ सुटत असतील तर मात्र तज्ज्ञाकडे जा. झोपेचंही तसंच. निम्म्याहून जास्त ऑटिस्टिक मुलांना झोपेची काही ना काही अडचण असते. ती त्यांच्याइतकीच आईबापांनाही मोडते, आणि तिच्यावर उपाय असतात. "चालायचंच" म्हणून सोडून देऊ नका.

मेल्टडाउन आणि हट्ट यांतला फरक नातेवाइकांना सांगावाच लागतो. हट्ट करणारं मूल मध्येच डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघतं, कोणी बघतंय का म्हणून. हवं ते मिळालं की थांबतं. मेल्टडाउनमध्ये मुलाच्या हातात काहीच राहिलेलं नसतं. हवं ते दिलं तरी ते थांबत नाही. सकाळपासून साठत आलेलं असतं: दाढी करून वेगळे दिसणारे बाबा, बदललेला रस्ता, ट्यूबलाइटचा गुणगुणाट. आणि मग लाल पेल्याऐवजी निळा पेला समोर आला की फुटतं. आपण निळ्या पेल्याला दोष देतो. त्या वेळी समजावू नका, शब्दही त्याला आवाजच असतात. दिवे कमी करा, लोकांना हलवा, लागेल असं काही जवळपास असेल तर काढा आणि जवळ बसून राहा. रागावू नका, बक्षीस कबूल करू नका. नंतर तो थकून झोपला की, मागचे चार तास काय काय घडलं ते लिहून काढा.

आणि दाराची कडी वर लावा. अमेरिकेत २०१२ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात, वयाच्या चार वर्षांनंतर आपलं ऑटिस्टिक मूल निदान एकदा तरी सुरक्षित जागेतून निघून गेलं किंवा तसा प्रयत्न केला, असं जवळपास निम्म्या पालकांनी सांगितलं होतं. पाण्याकडे ओढ असलेली मुलं खूप, आणि खरा धोका पाण्याचाच. आमचा मुलगा आठ मिनिटं सापडत नव्हता, एवढंच लिहिते. तेव्हापासून आजूबाजूच्या सगळ्या घरांना त्याचं नाव, त्याचा फोटो आणि हाकेला तो ओ देत नाही ही गोष्ट ठाऊक आहे. पोहणं त्याला बोलण्याच्या आधी आलं.

घरातली बाकीची माणसं

माझ्या सासूबाईंना नातवाने पापी द्यावी असं फार वाटायचं. तो गाल पुसायचा आणि पळायचा. त्या दुखावायच्या, मी मध्ये अडकायचे. एक दिवस त्यांनी काही न मागता त्याच्याशेजारी बसकण मारली. तो गाड्या एका ओळीत लावत होता. त्यांनी शेवटच्या गाडीमागे आपल्या चष्म्याची डबी लावली. त्याने ती काढून टाकली. त्यांनी पुन्हा लावली. तिसऱ्या वेळी त्याने ती सरळ केली आणि राहू दिली. आता रोज दुपारी ओळीच्या शेवटी डबी लागते, आणि कधी कधी तो पाठ टेकवून त्यांच्या अंगावर रेलतो. पापी अजून मिळालेली नाही, त्यांनी मागणंही सोडलं आहे.

डोळ्यांत बघायची सक्ती आम्ही करत नाही. डोळ्यांत बघितलं की ऐकू येईनासं होतं, असं अनेक ऑटिस्टिक मोठी माणसं स्वतः सांगतात. हात फडफडवणंही आम्ही थांबवत नाही, आनंद झाला की तो फडफडवतो. जी थेरपी ही फडफड घालवायला निघते, ती आम्हाला नको. जी त्याला काय हवं ते सांगायला शिकवते, स्वतःची पँट स्वतः चढवायला शिकवते, ती हवी.

वाट सरळ नसते हेही माहीत असू द्या. काही मुलांचे आलेले शब्द दीड ते दोन वर्षांच्या सुमारास जातात. पुढेही आजारपणात, घर बदलताना, शाळा बदलताना आलेलं काही काळ जातं. आमची 'बाथरूममध्ये जातो' ही नोंद वहीत तीन वेगवेगळ्या तारखांना आहे.

त्याची बहीण नऊ वर्षांची आहे. तिला सगळं समजावून सांगायला आम्ही उशीर केला. ती सहा वर्षांची असताना तिने विचारलं होतं, "मी पण जमिनीवर झोपून ओरडले तर तू माझ्याजवळ बसशील?" तेव्हापासून रविवारची सकाळ फक्त तिची आणि माझी असते. मुलगा बाबांबरोबर असतो. ती वेळ कशासाठीही मोडत नाही.

मागच्या महिन्यात तो पहिल्यांदा टाटा करायला लागला. सहा वर्षं पूर्ण होताना. बाबा निघाले, त्याने हात वर केला आणि तळवा स्वतःकडे ठेवून बोटं हलवली. आपल्याला बाबांचा तळवा दिसतो, म्हणून त्याने स्वतःलाही तळवाच दिसेल असा हात धरला. जसं दिसलं तसं, तंतोतंत. मी त्याचं मनगट फिरवायला हात पुढे केला होता. बहिणीने मला कोपराने थांबवलं, त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि तिनेही आपला तळवा स्वतःकडे वळवला. आता रोज सकाळी दारात दोघं तशीच उभी असतात, आणि जिन्याच्या वळणावरून बाबाही तसाच हात करतात.